वाचक विचारतात : पाठीवरचा सिलिंडर

स्कूबा सिलिंडरच्या, म्हणजे पाण्याखाली श्वासासाठी पाठीवर घेतात त्या सिलिंडरच्या, तपासणीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आधी एक दुरुस्ती. बऱ्याच पत्रांत ‘ऑक्सिजनची टाकी’ असा उल्लेख आहे. या सिलिंडरमध्ये आपण एरवी घेतो तीच हवा असते, फक्त गाळून, वाळवून आणि सुमारे दोनशे पट दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेल्यास झटके येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून शब्दातली ही चूक किरकोळ समजू नये.

माझ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट दोन वर्षांपूर्वीच झाली आहे. तरीही आतून पाहणी केल्याशिवाय हवा भरून मिळत नाही. हा पैसे काढण्याचा प्रकार नाही का?

नाही. या दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. हायड्रोत, म्हणजे सिलिंडरमध्ये पाण्याने दाब देऊन घेतलेल्या चाचणीत, एवढेच कळते की त्या दिवशी, त्या दाबाला सिलिंडर ताणला गेला आणि दाब काढल्यावर पुन्हा आपल्या मापावर आला की नाही. गंजाचा एखादा खोल खड्डा, मानेच्या आट्यांतला बारीक तडा किंवा आट्यांची झीज एकूण प्रसरणाच्या आकड्यात दिसेलच असे नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते, त्यासाठी व्हॉल्व्ह काढावा लागतो.

शिवाय हायड्रो झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही आत पाणी जाऊ शकते. पाण्याखाली सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत वापरला की ते जाते. कॉम्प्रेसरचा गाळणीसंच ओला झाला असेल तर हवेबरोबर जाते. सगळ्यात जास्त वेळा ते जाते भरताना : व्हॉल्व्हच्या तोंडात किंवा भरण्याच्या नळीच्या टोकाशी साचलेले थेंब उडवून न देता जोडणी केली की पहिल्या झटक्यातच ते आत ढकलले जातात. समुद्रावर भरणी होत असेल तर ते थेंब खारे असतात. म्हणून जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंड कोरडे करायचे आणि नळीतूनही थोडी हवा सोडायची. पाच सेकंदांचे काम आहे, पण घाईत हेच सगळ्यात आधी सुटते.

मुदतीचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत हायड्रो दर ५ वर्षांनी बंधनकारक आहे आणि दरवर्षीची आतली पाहणी हा डायव्हिंग व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेला दंडक आहे. ब्रिटनमध्ये हायड्रो ५ वर्षांनी आणि मध्ये अडीच वर्षांनी पाहणी असते. ऑस्ट्रेलियात स्कूबा सिलिंडरची चाचणी दरवर्षी होते. तुमचा सिलिंडर रोज भाड्याने जात असेल किंवा खाऱ्या पाण्यातच वापरला जात असेल, तर वर्षातून एकदा आत पाहणे हे किमान धरावे.

हायड्रोत नेमके काय करतात? पाणीच का वापरतात? हवेने दाब देऊन पाहिले तर चालणार नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. ११.१ लिटरचा, २०७ बारला (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेचा दाब) भरलेला नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर फुटला, तर आतली हवा प्रसरण पावताना सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा सोडते. एक टन वजनाची मोटार ताशी १०८ किलोमीटर वेगाने येऊन धडकावी, तेवढी ही ऊर्जा झाली. तोच सिलिंडर पाण्याने भरून ३४५ बारला नेला तर पाण्यात साठणारी ऊर्जा ३ किलोज्यूलच्या आसपास असते, कारण पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. भिंत फाटली तर धप्प असा आवाज होतो, पाणी निसटते आणि काम संपते. हवेने चाचणी घेणे म्हणजे फुटेल की नाही हे पाहण्यासाठी बॉम्ब तयार करणे.

आता पद्धत. व्हॉल्व्ह काढून, आतून पाहणी झाल्यावर सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरतात आणि पाण्याने भरलेल्या एका जाड बंद पिंपात सोडतात. याला वॉटर जॅकेट म्हणतात. जॅकेटला मोजपट्टीची काचेची नळी किंवा वजनकाटा जोडलेला असतो. सिलिंडरच्या आत पंपाने दाब वाढवला की तो फुगतो आणि तेवढेच पाणी जॅकेटमधून बाहेर ढकलले जाते. चाचणीचा दाब अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक स्कूबा सिलिंडरांना कामाच्या दाबाच्या ५/३ पट असतो, म्हणजे २०७ बारला ३४५. युरोपीय सिलिंडरांना तो दीडपट असतो : २३२ ला ३४८ आणि ३०० ला ४५०. दाब किमान ३० सेकंद आणि प्रसरण थांबेपर्यंत धरून ठेवतात. त्या वेळचा आकडा हे एकूण प्रसरण. मग दाब काढतात. पाणी परत आत जाते, पण सगळे नाही. जे बाहेर राहिले ते कायमचे प्रसरण.

समजा एकूण प्रसरण ६४ मिलीलिटर आले आणि कायमचे ३.२, तर प्रमाण ५ टक्के. अमेरिकी नियमात पोलादी ३एए आणि ॲल्युमिनियमच्या ३एएल (या खुणांचा अर्थ पुढे दिला आहे) सिलिंडरांना १० टक्क्यांची मर्यादा आहे. तिच्या वर गेला की सिलिंडर बाद. कारण सरळ आहे. निरोगी धातू रबरासारखा ताणून परत येतो. पातळ झालेला किंवा उष्णतेने मऊ पडलेला धातू परत येत नाही.

एका चुकीचा इथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. चाचणीआधी गळती पाहण्याच्या नावाखाली काही जण सिलिंडरला पूर्ण चाचणीचा दाब देऊन बघतात. त्या पहिल्या वेळीच धातू जेवढा कायमचा ताणायचा तेवढा ताणून बसतो. मग खऱ्या मोजणीत कायमचे प्रसरण शून्याजवळ येते आणि बाद व्हायला हवा होता तो सिलिंडर उत्तम गुणांनी पास होतो. म्हणूनच मोजणीआधी चाचणीच्या दाबाच्या ९० टक्क्यांच्या वर जाण्यास मनाई आहे. यंत्रातल्या बिघाडामुळे चाचणी मध्येच थांबली तर दुसऱ्या खेपेला दाब १० टक्के किंवा १०० पीएसआय (सुमारे ७ बार) यांपैकी जो कमी असेल तेवढा वाढवून घेतात. नोंदवहीत ओळीने ‘०’, ‘०’, ‘०’ टक्के दिसले तर आनंद मानू नका. यंत्र आणि माणूस दोन्ही तपासा. चाचणीच्या दिवशी ज्याचे प्रसरण आधीपासून माहीत आहे असा प्रमाणित सिलिंडर लावून यंत्र पडताळले का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

खांद्यावरचे आकडे कसे वाचायचे?

अमेरिकी पद्धतीच्या सिलिंडरवर ‘डीओटी-३एएल३०००’ असे काही दिसेल. डीओटी म्हणजे अमेरिकेचे परिवहन खाते, ३एएल म्हणजे जोडाशिवाय घडवलेला ॲल्युमिनियमचा, ३एए म्हणजे पोलादाचा, आणि ३००० हा कामाचा दाब पीएसआयमध्ये, म्हणजे २०७ बार. पुढे अनुक्रमांक, बनवणाऱ्याची खूण आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष. नंतरच्या प्रत्येक हायड्रोचा शिक्का वेगळा ओळखू येतो : डावीकडे महिना, उजवीकडे वर्ष आणि मध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चाचणी केंद्राचा क्रमांक, जो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचायचा. तारखेनंतर अधिकचे चिन्ह असेल तर तो पोलादी सिलिंडर १० टक्के जास्त दाबाने भरता येतो. ही सवलत कायमची नसते. पुढच्या हायड्रोत ती पुन्हा मिळवावी लागते, चिन्ह नसेल तर नाही.

युरोपीय सिलिंडरवर कामाचा दाब आणि चाचणीचा दाब दोन्ही बारमध्ये, शिवाय लिटरमध्ये आकारमान आणि रिकामे वजन कोरलेले असते. या वजनाकडे कोणी पाहत नाही, ते पाहावे. काट्यावर पोलादी सिलिंडर कोरलेल्या वजनापेक्षा लक्षणीय हलका भरला तर लोखंड कुठेतरी गेले आहे.

पाहणीचा चिकटवलेला कागदी बिल्ला आणि हायड्रोचा ठोकलेला शिक्का यांत गल्लत करू नका. बिल्ला नवा आणि शिक्का सात वर्षांपूर्वीचा, असा सिलिंडर भरू नये.

एक पोलादी १२ लिटरचा सिलिंडर अडगळीत दोन वर्षे पडून होता. गॅजवर १० बार दिसतात. तेवढ्या हवेत रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घेण्याचे यंत्र) तपासून घ्यायचा आणि मग भरायला न्यायचा, असा विचार आहे. चालेल ना?

त्या हवेत श्वास घेऊ नका. या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे, म्हणून उत्तराच्या सुरुवातीलाच लिहिला.

आत थोडे पाणी असेल तर पोलाद गंजते आणि गंजण्यासाठी लागणारा ऑक्सिजन ते आतल्या हवेतूनच घेते. १० बारला तुमच्या सिलिंडरमध्ये साधारण १२० लिटर हवा आहे. तिच्यातला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायला ४५ ग्रॅमच्या आसपास लोखंड गंजले तरी पुरते. म्हणजे दोन-तीन मुठी लाल भुकटी. तोच सिलिंडर २०० बारला भरलेला असता तर एवढीच घसरण व्हायला जवळपास ९०० ग्रॅम लोखंड लागले असते. म्हणून भरलेल्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ रिकाम्या सिलिंडरची हवा फार लवकर नासते. असे श्वास घेऊन माणसे मेल्याच्या नोंदी आहेत.

यात फसवणूक अशी की काहीच जाणवत नाही. गुदमरल्यासारखे वाटते ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, श्वास मोकळा चालतो, आणि मग थेट शुद्ध हरपते. गॅजलाही काही कळत नाही, ते फक्त दाब दाखवते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवा चांगली राहते, पण भिंत जास्त वेगाने खाल्ली जाते. २०० बारला ऑक्सिजनचा आंशिक दाब ४२ बार असतो, बाहेरच्या हवेत तो ०.२१ असतो. त्यात खारे पाणी असेल तर काही महिन्यांत एवढे खोल खड्डे पडू शकतात की सिलिंडर कायमचा बाद व्हावा. सिलिंडर आडवा पडलेला असेल तर हे काम आणखी वाईट होते. उभ्या सिलिंडरमध्ये पाणी जाड बुडावर साचते, आडव्यात ते पातळ भिंतीवर लांबलचक रेघ खात बसते.

तेव्हा : सिलिंडर उलटा धरून व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. पांढरा ओला फवारा, थेंब किंवा तांबूस पाणी दिसले तर आत पाणी आहे. मग हळूहळू रिकामा करा आणि न भरता थेट तपासणीला न्या. लांबच्या साठवणीसाठी कोरडी हवा, १० ते २० बार, उभा, सावलीत. आणि त्यावर ‘श्वासासाठी नाही’ अशी चिठ्ठी.

ॲल्युमिनियमच्या जुन्या सिलिंडरांच्या मिश्रधातूबद्दल बरेच ऐकतो. नेमके प्रकरण काय?

६३५१ नावाचा मिश्रधातू. सिलिंडर वर्षानुवर्षे दाबाखाली राहिला की या धातूच्या काही सिलिंडरांत मानेला आणि खांद्याच्या आतल्या बाजूला तडे जातात आणि ते हळूहळू वाढत राहतात. गंज लागत नाही, आपटावा लागत नाही, नुसता ताण पुरतो. तडा आट्यांमधून बाहेरपर्यंत आला तर बहुधा आधी गळती होते. पण काही सिलिंडर भरतानाच फुटले आणि भरणाऱ्यांचे हात, जीव गेले.

अमेरिकेत लक्सफर या कंपनीने १९८८ पर्यंत हा धातू वापरला, नंतर ६०६१ घेतला. कॅटलिना या कंपनीचे सिलिंडर ६०६१ चेच आहेत. इतर देशांत बनलेल्या सिलिंडरांत ६३५१ त्यानंतरही सापडतो, म्हणून नुसते वर्ष पाहून ठरवू नका. अनुक्रमांक देऊन कंपनीकडून खात्री करा.

अमेरिकी नियमात २००७ पासून ६३५१ च्या स्कूबा सिलिंडरांना दर ५ वर्षांच्या चाचणीत मानेची एडी करंट तपासणी सक्तीची आहे. आट्यांमध्ये एक सळई फिरवतात. तिच्यातल्या गुंडाळीमुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह उठतात आणि तडा आडवा आला की पडद्यावरची रेघ उसळते. उसळलेली प्रत्येक रेघ म्हणजे तडा नव्हे. आटे पाडताना हत्यार थांबल्याची खूण, आट्यांतली घाण किंवा सिलिंडर घडवताना मानेच्या आत पडलेली घडी यांवरही यंत्र ओरडते. म्हणून आधी आटे नायलॉनच्या ब्रशने साफ करायचे, मग यंत्र, मग आरसा आणि भिंग. घडीचा तळ गोलसर आणि उजेडात दिसणारा असतो. तडा केसासारखा, टोकदार असतो आणि एका आट्यावरून दुसऱ्यावर सरळ उभा जातो. दोन किंवा अधिक आटे ओलांडले की दुरुस्ती नाही, सवलत नाही. ६०६१ च्या सिलिंडरांत हा दोष आढळत नाही, त्यामुळे त्यांच्यावर तेच यंत्र फिरवून खोट्या उसळ्यांवरून चांगला सिलिंडर बाद करणे हा दुसरा वेडेपणा.

आमचे मत विचाराल तर ६३५१ चा सिलिंडर चाचणीत पास झाला तरी तो निवृत्त करावा. त्याची उरलेली किंमत भरणाऱ्या माणसाच्या हातापेक्षा जास्त नाही.

सुटा व्हॉल्व्ह स्वस्तात मिळाला. तो माझ्या सिलिंडरवर व्यवस्थित बसला, गळतीही नाही. तरी तपासनिसाने तो काढून बाजूला ठेवला.

त्यांनी योग्य केले. स्कूबा सिलिंडरच्या मानेला मुख्यतः दोन प्रकारचे सरळ आटे असतात : एक मेट्रिक, २५ मिलिमीटर व्यासाचे आणि २ मिलिमीटर अंतराचे; दुसरे पाऊण इंची, इंचाला १४ आटे, म्हणजे १.८१ मिलिमीटर अंतराचे. नाव पाऊण इंची असले तरी त्यांचा बाहेरचा व्यास २६ मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. पाऊण इंची व्हॉल्व्ह मेट्रिक मानेत जात नाही, हे लगेच कळते. उलटे मात्र जमते. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरत जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि हवा ओ-रिंगमुळे, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीमुळे, अडते, म्हणून गळतही नाही. आटे मात्र फक्त टोकाटोकाला एकमेकांवर टेकलेले असतात.

आता हिशेब करा. २५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर २०७ बारने एक टनाहून अधिक जोर बाहेरच्या दिशेने येतो. तो या टोकांवर तोलला जातो. कधी पहिल्या भरणीत, कधी विसाव्या भरणीत व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. असे अपघात वारंवार झाले आहेत आणि त्यात बहुतेक वेळा सिलिंडरच्या वर वाकलेला माणूसच सापडला आहे.

व्हॉल्व्हवर आट्यांचे माप कोरलेले असते, मानेजवळही पाहा. दोन्ही जुळले तरच पाना हातात घ्या. माप पुसले गेले असेल तर ‘जा’ आणि ‘जाऊ नको’ अशी दोन टोकांची गेज लावून ठरवायचे. हाताने फिरवून अंदाज घेणे ही पद्धत नव्हे. बसवताना ओ-रिंग नवी, आटे कोरडे व स्वच्छ, आणि शेवटचा पीळ उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याइतका, टॉर्क पान्याने.

आतली पाहणी घरी करता येईल का? पायऱ्या सांगा.

पायऱ्या सांगतो, पण प्रशिक्षण न घेता केलेल्या पाहणीवर कोणी हवा भरून देऊ नये.

जाळी, पट्टा, बुडाचा रबरी बूट, सगळे काढायचे. पोलादी सिलिंडरचा सगळ्यात वाईट गंज याच बुटाखाली सापडतो, कारण तिथे खारे पाणी महिनोन्‌महिने अडकून राहते. बाहेरून फुगवटा, खोल ओरखडे, पोचे आणि वेल्डिंगची ठिणगी लागल्याची खूण पाहायची. ओरखडे किंवा पोचे सापडले तर पुढे जाण्याआधी उत्पादकाची मर्यादा पाहा. फुगवटा किंवा ठिणगीची खूण असेल तर पुढे जायचेच नाही.

मग सिलिंडर हळू रिकामा करायचा. भसाभस सोडला तर धातू थंड पडतो आणि व्हॉल्व्ह काढल्यावर बाहेरचे दमट वारे आत दव धरते. आवाज थांबला म्हणजे रिकामा झाला असे समजू नका. व्हॉल्व्हच्या खाली एक नळी असते, कचरा व पाणी वर येऊ नये म्हणून. ती गंजाने बुजली असेल तर आत दाब असूनही बाहेर फुस्स होत नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवून कमी दाबाची हवा आत सोडून पाहा : आत गेली आणि तशीच परत आली तर मार्ग मोकळा आहे.

व्हॉल्व्ह सैल केल्यावर पहिल्या झटक्यानंतर तो हाताने फिरायला हवा. पाऊण फेरीनंतरही जड जात असेल तर थांबा, आत दाब आहे. चेहरा आणि छाती कधीही व्हॉल्व्हच्या रेषेत नको.

उघडल्यावर आधी वास. तेलकट, आंबट किंवा कुजकट वास हा कॉम्प्रेसरच्या तब्येतीचा पुरावा असतो आणि तो दोन मिनिटांत उडून जातो. मग लांब दांडीचा थंड दिवा आत सोडून आधी बूड, मग भिंत वर्तुळाकार, शेवटी खांदा. खांद्याच्या आतली बाजू सरळ नजरेला दिसत नाही, तिथे दंतवैद्याचा छोटा आरसा लागतो. बूड आणि भिंत मिळतात त्या वळणावर वेळ घालवा, पाणी तिथेच थांबते.

आत कचरा दिसला तर तो ओतून कागदावर घ्या. पोलादात तांबडा-तपकिरी, ॲल्युमिनियममध्ये पांढरट पिठासारखा. काळी बारीक पूड म्हणजे बहुधा गाळणीचा कोळसा, म्हणजे दोष सिलिंडरचा नसून भरण्याच्या यंत्रणेचा. पृष्ठभागावरचा पातळ तांबूस पापुद्रा धुऊन-घासून जातो. खड्डे मात्र मोजायचे, टोकदार खोलीमापकाने. एकट्या खड्ड्यापेक्षा एका रेषेतले सलग खड्डे जास्त वाईट, कारण भिंत त्या रेषेवर फाटते. मर्यादा धातू आणि उत्पादकानुसार वेगळी असली तरी ती एका मिलिमीटरच्या आसपासच घुटमळते, तेव्हा ‘जरासाच आहे’ हे मोजमाप नव्हे.

साफ करायला पोलादी सिलिंडरमध्ये खडबडीत सिरॅमिक खडे घालून तो आडवा फिरवतात. मग गरम पाण्याने धुऊन लगेच कोरड्या गरम हवेने वाळवायचा. दहा मिनिटे उशीर केलात तर नवा तांबूस थर तयार. ॲल्युमिनियमला असा घासटा टाळावा, धातूच निघून येतो.

सिलिंडर उन्हात, बंद गाडीत राहिला तर फुटेल का?

चांगला सिलिंडर फुटत नाही. २० अंशांना २०० बार असलेला सिलिंडर ६० अंशांवर सुमारे २२७ दाखवेल. ३एएल सिलिंडर रचनेतच कामाच्या दाबाच्या किमान अडीचपट दाब सोसेल असा बनवलेला असतो. पण आधीच ‘थोडा जास्त’ भरलेला असेल तर व्हॉल्व्हची फुटती चकती (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी), असल्यास, गाडीतच फुटेल आणि तो आवाज विसरता येणार नाही. बहुतेक युरोपीय व्हॉल्व्हना ही चकती नसते.

भरतानाही हेच उलट्या बाजूने चालते. घाईने भरला की सिलिंडर तापतो. ५० अंशांना २०७ दाखवणारे गॅज २५ अंशांना १९१ वर येते. त्यावर उपाय जास्त भरणे हा नसून सावकाश, मिनिटाला २० ते ४० बारने भरणे हा आहे.

जुन्या ॲल्युमिनियम सिलिंडरला भट्टीत भाजून पावडर कोटिंग करून घेऊ का?

नको. या मिश्रधातूची ताकद कारखान्यात उष्णतेच्या काटेकोर प्रक्रियेने आणलेली असते आणि भट्टी ती उतरवते. १७७ अंशांच्या वर तापला असल्याचे कळले तर ॲल्युमिनियमचा सिलिंडर वापरातून काढतात, दिसायला तो कितीही सुंदर असो. रंग काढायला ज्योतही नको आणि दाहक सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो.

नायट्रॉक्ससाठी वेगळी तपासणी असते का?

पाहणी तीच, स्वच्छता वेगळी. नायट्रॉक्स म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन मिसळलेली हवा. सिलिंडरमध्ये आधी निव्वळ ऑक्सिजन सोडून वर हवा भरण्याची पद्धत असेल, तर तेलाचा पातळ थरही पेट घेऊ शकतो. मग सिलिंडर आणि व्हॉल्व्ह दोन्ही ऑक्सिजनसाठी धुतलेले, ओ-रिंगा त्याला योग्य आणि वंगण ऑक्सिजनला चालणारे हवे. सिलिकॉनचे नेहमीचे ग्रीस नको. असा सिलिंडर एकदा जरी तेलकट हवेने भरला तरी तो पुन्हा धुवावा लागतो. युरोपीय मानक ईएन १२०२१ प्रमाणे साध्या श्वसनहवेतही तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा आणि कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. ऑक्सिजनबरोबर मिसळायच्या हवेत तेल त्याहूनही कमी लागते.

बाद झालेल्या सिलिंडरचे काय करायचे? केंद्राने आमच्या परवानगीशिवाय भोक पाडले तर?

पाहणीत किंवा चाचणीत बाद झाला की अमेरिकी पद्धतीत दाबाच्या आकड्यावर आणि मानकाच्या अक्षरांवर फुल्या ठोकतात. एवढ्याने तो कायद्याने मेला. भोक पाडणे, आटे कापणे किंवा दोन तुकडे करणे यासाठी मालकाची संमती लागते, कारण भंगार तुमच्याच मालकीचे असते. ती संमती द्यावी. फुल्यांवर रंग चढवून सिलिंडर पुन्हा विकल्याचे प्रकार होतात, दोन तुकडे झालेला सिलिंडर कोणी विकत घेत नाही. बाद का झाला ते लेखी मागा : खड्ड्याची खोली, प्रसरणाची टक्केवारी, तड्याची जागा. आकडा न देता नुसते ‘खराब’ म्हणून सांगितले असेल, तर तुकडे करण्याआधी दुसऱ्या केंद्रात दाखवा. आणि व्हॉल्व्ह परत मागून घ्या, तो बहुधा चांगला असतो.